दोष पोराचा की चाकाचा?

काका, नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण चिकलठाण्यात तीस वर्षं मशीनवर काढली असं लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया आधी कंपनीत वाचली तेव्हा राग आला. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा वाटलं, दोन ओळीत उडवून लावण्यासारखी ती नाही. म्हणून हे लांबण.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीम वेल्डिंगचं मशीन, म्हणजे दोन पत्रे तांब्याच्या दोन फिरत्या चाकांमध्ये दाबून, चाकांतून करंट सोडून सलग जोडणारं मशीन, आता नव्यानं डिझाइन करायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. पहिला: पेट्रोलची टाकी गळते ती पोरांच्या हलगर्जीपणानं, मशीन बिचारं तेच आहे. दुसरा: चाकावरचं पाणी बंद करा म्हणणाऱ्यानं जन्मात चाक हातात धरलेलं नाही. तिसरा: एमएफडीसी, एमएफडीसी (मीडियम फ्रीक्वेन्सी डीसी, नव्या तऱ्हेचा वीजपुरवठा) करणं ही विक्रेत्याची भाषा, दहा माणसांच्या शॉपला ते झेपत नाही. आणि शेवटी एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: "नवं चाक बसवलं की आम्ही स्पीड जरा उतरवायचो, कुणी सांगावं लागत नव्हतं." हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्यावरच येणार आहे.

आधी पाणी, कारण तिथं मी चुकलो. चाकाच्या आतून पाणी फिरवलं की बाहेरून ओतायची गरज नाही, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. आतलं पाणी चाक आणि शाफ्ट थंड ठेवतं, पण नुकत्याच वितळून गोठलेल्या पत्र्यापर्यंत ते पोचत नाही. पत्र्यातली उष्णता तशीच राहिली तर फ्लँज (जोडायची चपटी कड) वेडीवाकडी होते आणि पुढच्या टाक्याला, म्हणजे करंटच्या पुढच्या ठोक्यानं होणाऱ्या जोडाला, पत्रा आधीच तापलेला मिळतो. लिहिताना माझ्या डोक्यात धातूचा हिशोब नव्हता, पाण्याचा होता. आमच्या एका मशीनवर मिनिटाला आठ लिटर पाणी पडायचं. आठ तासांच्या शिफ्टला ३,८४० लिटर, सगळं गटारात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आम्ही इकडे वाळूजला टँकर विकत घेऊन चाकावर ओतत होतो. त्याची लाज अजून वाटते. त्या भरात एक वाक्य जास्तीचं लिहिलं गेलं.

तर दुरुस्ती अशी. बाहेरचं पाणी पडू द्यायचं, पण खाली ट्रे, गाळ बसायला टाकी, फिल्टर, पंप, आणि तेच पाणी परत वर. आतलं पाणी मात्र पूर्ण वेगळं, बंद फेऱ्यातलं आणि मऊ केलेलं, म्हणजे क्षार काढलेलं. या दोन पाण्यांची गाठ पडू द्यायची नाही. का, ते सांगतो. आमचा एक जुना शाफ्ट भंगारात टाकायच्या आधी कापून बघितला. पाणी जायचं भोक मुळात १२ मिमीचं, त्यात पेन्सिल जाईना. आत पांढरा थर, नखानं निघेना. बोअरच्या पाण्याचा क्षार तो. तांब्यातून जेवढी उष्णता जाते तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही या थरातून जात नाही. म्हणजे बाहेर नळ धो धो चालू आणि आत चाक तापतंय. मग चाक मऊ पडून कड फुगली की आपण म्हणणार, पोरानं हीट (करंटची सेटिंग) वाढवून ठेवली.

(चाकावरून आठवलं. क्रोमियम-झिर्कोनियमचं तांबं महाग म्हणून एकानं साध्या तांब्याचं चाक लेथवर काढून आणलं होतं. साधं तांबं २०० अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं, क्रोमियम-झिर्कोनियमवालं जवळपास ५०० पर्यंत तग धरतं. ते चाक दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.)

आता तुमचा पहिला आक्षेप, पोरांचा. इथं मी मागे हटणार नाही.

आमच्याकडे दुचाकीच्या पेट्रोल टाकीचं काम होतं, ०.८ मिमीचा पत्रा. वरचा आणि खालचा भाग जुळवून फ्लँज चाकांतून फिरवायची. नंतर टाकीत हवा भरून पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. एका आठवड्यात अचानक गळती वाढली. बुडबुडे एकाच जागी नव्हते, पण बहुतेक कोपऱ्याच्या अलीकडे, मोहरीएवढे, एकामागून एक, शांतपणे वर येणारे. सुपरवायझरनं ऑपरेटरला झापलं. तो पोरगा परभणीकडचा, खाली मान घालून ऐकून घेतलं आणि नंतर मला हळूच म्हणाला, "साहेब, नवं चाक टाकलं की दोन दिस टाक्या रडायल्यात बघा. मी कायबी केलेलं नाही."

खरंच त्यानं काही केलं नव्हतं. हिशोब मांडून बघा. विजेची दोन सायकल करंट चालू, तीन सायकल बंद, मिळून पाच सायकल. पन्नास हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना एक टाका, सेकंदाला दहा टाके. जुनं चाक घासून २१५ मिमीवर आलं होतं आणि त्याच्यावर मिनिटाला दोन मीटरचा वेग बसवलेला होता. दोन टाक्यांत अंतर पडतं ३.३ मिमी. आता २५० मिमीचं कोरं चाक बसवलं. आपलं मशीन शाफ्टवरून चालणारं, मोटरचे फेरे तेवढेच. पण चाकाचा घेर १६ टक्क्यांनी वाढला. पत्रा तेवढ्याच टक्क्यांनी जोरात पळायला लागला आणि टाक्यांमधलं अंतर झालं ३.९ मिमी. आमच्या टाकीचा जोड उकलून मोजला तर एकेक नगेट (टाक्यातला वितळून गोठलेला ठिपका) चार मिमीच्या आसपासच. म्हणजे टाक्याला टाका कसाबसा टेकत होता, एकमेकांवर चढत नव्हता. त्यात पळणाऱ्या पत्र्याला प्रत्येक जागी उष्णताही कमी मिळते. शिवणकामात टाका लांब पडला तर कापड उसवतं, इथं पेट्रोल गळतं.

तुम्ही स्पीड उतरवायचात ना, तो याच्यासाठी. तुमच्या कानाला, हाताला ते कळत होतं. पण काका, याचा अर्थ मशीनमध्ये जी गोष्ट असायला हवी होती ती तीस वर्षं तुमच्या डोक्यात होती. तुम्ही रिटायर झालात आणि ती तुमच्याबरोबर घरी गेली. त्या पोराला कामावर लागून चार महिने झाले होते, त्याला ती कोण देणार?

यावर जुना उपाय आहे आणि तो चांगला आहे: नर्ल ड्राइव्ह. शाफ्ट फिरवायचाच नाही. दातेरी पोलादी रोलर चाकाच्या कडेला दाबून धरायचा आणि त्यानं चाक फिरवायचं. चाक कितीही झिजलं तरी कडेचा वेग रोलरच्या वेगाएवढाच राहतो, व्यासाचा प्रश्नच मिटतो. वर, कड फुगायला लागली की नर्ल ती दाबत, सारखी करत जातो. लेपाचा पत्रा असला आणि जस्त-कथील चाकाला चिकटत असलं तर जास्तच उपयोग. तोटेही आहेत. चाक लवकर खर्च होतं, दात्यांची नक्षी जोडावर उमटते, आणि अडचणीच्या जागेत रोलर मावत नाही. किचनच्या सिंकसारखं, दिसायला चांगलं हवं असं काम असेल तर गिऱ्हाईक ती नक्षी चालवून घेणार नाही. टाकीच्या फ्लँजकडे कोण बघतंय?

नर्ल बसत नसेल तिथं आम्ही दुसरं केलं. पत्र्यावर टेकणारं एक छोटं मोजणीचं चाक, त्याला एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर), आणि मोटरच्या व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) त्याच्याकडून सिग्नल. पत्रा किती वेगानं सरकतोय ते पत्र्यालाच विचारायचं. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळायची: वरचं आणि खालचं अशी दोन्ही चाकं गिअरनं पक्की जोडून फिरवायची नाहीत. एक २५० चं आणि एक २२० चं झालं की कुठलं तरी एक पत्र्यावर घसरत जाणार. घसरलं की ठिणग्या, आणि तांबं पत्र्याला लागणार.

दाबाचंही असंच आहे. १०० मिमी बोअरचा सिलिंडर, पाच किलोची हवा (चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब), म्हणजे चाकावर साधारण ३९० किलोचा भार. त्याच लाइनवर शेजारी कुणी ब्लो गन धरून साफसफाई सुरू केली आणि दाब चारवर आला की भार ३१४. भार कमी झाला की दोन पत्र्यांमधला रोध वाढतो, आणि धातू पत्र्यांतून उसळून बाहेर येतो. पोरगा काय करणार? हीट कमी करणार. शेजाऱ्यानं गन ठेवली की जोड कच्चा. मशीनजवळ स्वतंत्र हवेची टाकी आणि दाब उतरला तर करंट सोडूच न देणारा स्विच, एवढ्यानं हे थांबतं. खर्च अगदी किरकोळ आहे, पण बऱ्याच नव्या मशीनवरही हे दिलेलं नसतं.

हेडमधल्या (चाकाचा शाफ्ट धरणाऱ्या भागातल्या) बुशबद्दल, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाही, मला मात्र सगळ्यात जास्त तेच खटकतं. जुन्या हेडमध्ये एकच बुश भारही झेलतो आणि फिरत्या शाफ्टला हजारो अँपिअर करंटही देतो. भारानं बुश झिजतो, झिजला की फट, फटीत ठिणगी, ठिणगीनं खड्डे, खड्ड्यांनी रोध वाढतो, आणि उष्णता जिथं नको तिथं तयार होते. ही दोन कामं वेगळी करायला हवीत. भार इन्सुलेट केलेल्या रोलर बेअरिंगवर, करंट स्प्रिंगनं दाबलेल्या चांदीच्या संपर्कांतून. असे हेड मिळतात. महाग आहेत हे कबूल.

आणि एमएफडीसी. इथं तुम्ही निम्मे बरोबर आहात. साधं एसी मशीन दोन फेजवर ओढतं, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामी लागणारा हिस्सा) पाडतं, आणि लांब शिवणीचं काम असेल तर पोलादी पत्रा जसजसा मशीनच्या घशात (दोन हातांमधल्या पोकळीत) जातो तसतसा करंट उतरत जातो. तीन फेज सारखे वापरून १००० हर्ट्झवर चालणारं मशीन हे सगळं सोडवतं, शिवाय मिलिसेकंदागणिक ताबा देतं. पण आत क्षार साचलेला, बुश खाल्लेला आणि दाब डुगडुगणारा असेल तर एमएफडीसी लावून फक्त खराब जोड जास्त अचूकपणे मिळेल. लेखात मी ते पहिल्या नंबरवर लिहिलं होतं, ते शेवटी जायला हवं होतं. तोपर्यंत आहे त्याच थायरिस्टरला (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) करंट स्थिर ठेवणारं कंट्रोलर बसवा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की करंट तेवढाच कमी होतो, आणि उष्णता करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे ती १९ टक्क्यांनी घटते. दुसऱ्या शिफ्टची पोरं आळशी, हा समज निम्मा तरी यातून आलाय असा मला संशय आहे.

त्या परभणीच्या पोराच्या मशीनवर एन्कोडर बसायच्या आधी मी एक कागद चिकटवला होता: २५० पासून २१५ पर्यंत, दर पाच मिमीला व्हीएफडी किती हर्ट्झवर ठेवायचा. शेजारी दोरीला बांधलेला कॅलिपर. तुम्ही कानानं जे करत होतात त्याची ती गरिबाची आवृत्ती. तुमच्या वेळी चाक किती मिमीवर आलं की काढून टाकायचात, आणि नव्या चाकाला स्पीड किती उतरवायचात, ते आठवत असेल तर खाली लिहा. माझ्या कागदातले आकडे त्याच्याशी ताडून बघायचे आहेत.