पाहुणे जिथे बसतील, तिथे आधी आपण बसून बघा

इंदूरच्या मराठी घरांना पाहुण्यांचा राबता काही नवा नाही. महाकालचं दर्शन, मग ओंकारेश्वर, जमलं तर महेश्वर, आणि मुक्काम आपल्याकडे. पुण्या-नाशिकचे नातेवाईक हा बेत आखतातच. २०२८ला उज्जैनचा सिंहस्थ आहे, तेव्हा तर हॉलमध्येही गाद्या अंथराव्या लागतील. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझं मत ठाम आहे. पाहुणे येणार म्हणून बाजारातून प्लॅस्टिकची फुलं, भिंतीवरचे स्टिकर आणि शोभेच्या वस्तू आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. घराचं रूप बदलतं ते उजेडानं आणि कापडानं, आणि कापड तर आपल्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असतं. दोन-अडीच हजारांत एक हॉल आणि एक झोपायची खोली नीटनेटकी होते. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी उजेड, मग भिंत, मग कापड, आणि शोभेचं काही असलंच तर सगळ्यात शेवटी.

सुरुवात एक रुपया न खर्चता करा. संध्याकाळी दिवे लावून, पाहुणे जिथे बसतील तिथे दहा मिनिटं बसा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर येतात, गादीवर बसल्यावर पावणेतीन फुटांच्या आसपास. आपण घर आवरतो ते उभं राहून. म्हणून साडेसहा फुटांवर टांगलेल्या तसबिरींकडे बसलेल्या माणसाचं लक्ष जात नाही, आणि टीव्हीमागची वायरींची गुंतवळ, टेबलाची खालची बाजू, पंख्याच्या पात्यांच्या कडेवरची काळी रेघ मात्र नेमकी दिसते. जे दिसलं ते कागदावर लिहून काढा. निम्मी यादी फडक्यानं आणि वायर बांधायच्या पट्ट्यांनीच संपते.

आता उजेड. बहुतेक हॉलमध्ये एकच ट्यूब असते, तीही पांढरीफटक, ६५०० केल्व्हिनची. केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. त्या उजेडात भिंतीवरचा प्रत्येक डाग उठून दिसतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. ती ट्यूब कामाच्या वेळेला राहू द्या, पण पाहुणे बसल्यावर दोन-तीन लहान दिवे लागले पाहिजेत, ९ वॉटचे, २७०० किंवा ३००० केल्व्हिनचे, आणि डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या. 'वॉर्म' म्हणून मागितलं की कधी ४००० हातात पडतो, आणि एक दिवा पिवळा, एक पांढरा असं झालं की खोली दुभंगल्यासारखी दिसते.

दिव्याची शेड घरी करायची तर बांबूची १२ इंची टोपली उत्तम. टोपली उलटी धरायची, बुडाच्या मधोमध होल्डरच्या गळ्याइतकं गोल भोक पाडायचं. कात्रीनं कापलं तर पट्ट्या उसवत जातात. म्हणून भोकाची कड आधी फेविकॉलनं भिजवा, रात्रभर वाळू द्या आणि मग धारदार कटरनं कापा. फिरकीची चकती असलेला होल्डर घ्यायचा, म्हणजे चकती आतून आवळली की टोपली होल्डरला घट्ट बसते. वायर होल्डरच्या झाकणातून ओवल्यावर आतल्या बाजूनं तिला गाठ मारायला विसरू नका. गाठ नसेल तर टोपलीचा सगळा भार दोन बारीक स्क्रूंवर येतो, वायर हळूहळू निसटते आणि उघडी तार बाहेर डोकावते. यात फक्त एलईडीच लावायचा. जुना ६० वॉटचा तारेचा दिवा बांबू तापवतो, ते धोक्याचं आहे. एलईडीची उष्णतासुद्धा त्याच्या मानेशी साठते, तेव्हा टोपलीचं तोंड खाली पूर्ण उघडं ठेवा आणि वरून कागद चिकटवू नका. होल्डर, वायर, पिन हे सगळं महारानी रोडवर एका फेरीत मिळतं.

टीव्हीमागे एलईडीची पट्टी लावायची असेल तर १२ व्होल्टची ५ मीटरची घ्या. दर मीटरला ६० दिवे असलेली साधी पट्टी मीटरमागे पाचेक वॉट खाते, म्हणजे पूर्ण गुंडाळीला २ अँपिअर लागतात. अ‍ॅडॅप्टर ३ अँपिअरचा घ्या, बरोब्बर दोनचा घेतला की तो तापतो आणि पट्टी लुकलुकते. कापायची ती फक्त छापलेल्या खुणेवरच. आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर ती मागच्या चिकटपट्टीनं टिकत नाही, दोन दिवसांत लोंबते, कारण डिस्टेंपरची भुकटी चिकटपट्टीलाच लागून येते. टीव्हीच्या फळीच्या मागच्या कडेवर लावा. लाकूड आधी कोरड्या फडक्यानं पुसलं की पट्टी तिथे नीट बसते.

भिंतीबद्दल थोडं इंदूरचं म्हणून बोलायला हवं. आपली माळव्याची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया हलका असलेल्या घरांच्या भिंतींवर त्यामुळे बारीक चिरा पडत राहतात. लोक त्यावर पुट्टी फासून रंग मारतात. पुट्टी वाळली की कडक होते, भिंतीबरोबर हलत नाही, त्यामुळे चीर पुढच्या मोसमात त्याच जागी परत उघडते. चीर कटरच्या टोकानं जराशी रुंद करा, ब्रशनं धूळ काढा, मग ताणलं जाणारं क्रॅक फिलर भरा. चीर मोठी असेल, बोटाचं नख आत जात असेल, तर सजावटीचा विचार बाजूला ठेवा आणि मिस्त्रीला दाखवा.

दुसरी फसगत ओलीची. गणपतीच्या दिवसांत वरवर कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असू शकते, आणि तिच्यावर रंग मारला की आठवड्याभरात फुगे येतात. एक फूट चौरसाचं जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर यंदा रंग नको, त्या भिंतीवर कापड टांगा.

कोरडी असेल तरी अख्खी खोली रंगवू नका. पाहुण्यांच्या समोर येणारी एकच भिंत घ्या. १० बाय १० ची भिंत म्हणजे १०० चौरस फूट. त्याला १ लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी २ लिटर इमल्शन पुरतं. रंग १ लिटरच्या दोन डब्यांत मिळाला तर सुरू करण्याआधी दोन्ही डबे एका बादलीत एकत्र करा. मशीनवर मिसळलेल्या रंगात डब्याडब्यागणिक पुसटसा फरक असतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. भिंतीवर तळहात घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर आधी खरवडणं आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, नाहीतर मास्किंग टेप काढताना रंगाचे पोपडे टेपबरोबरच निघून येतात. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या, आणि टेप दुसरा हात थोडा ओला असतानाच काढा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कापड. प्रत्येक घरात आजीची एखादी नऊवारी ट्रंकेत असतेच. तिचे पडदे फार देखणे होतात आणि हिशोबही छान बसतो. खिडकीची वरची कड साधारण ७ फुटांवर असते. रॉड साडेसात फुटांवर लावा आणि दोन्ही बाजूंना ६-७ इंच जास्त न्या, खिडकी मोठी वाटते. तयार पडदा ७ फूट ५ इंच हवा. वर ३ इंच नेफ्याला, खाली ४ इंच दुमडीला, म्हणजे कापायचा तुकडा बरोब्बर ८ फूट. नऊवारी २७ फुटांची: ८-८ फुटांचे तीन पट्टे, वर ३ फूट उरतात. उरलेल्यात दोन उशांची तोंडं निघतात. ४ फुटांच्या खिडकीला तीन पट्टे लावले की चुण्या दुपटीहून जास्त पडतात, पडदा भरगच्च दिसतो. सहावारीचे दोनच पट्टे होतात. चुण्या जेमतेम दीडपट, पडदा ओढला की चादर टांगल्यासारखा वाटतो. सहावारी दारासाठी ठेवा.

कापण्याआधी साडी एकदा साध्या पाण्यातून काढा. सुती कापड आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर पडदा घोट्यावर येतो. मग साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासा. जुनं रेशीम घडीवरच विरतं. रेषेत सुई टोचली आणि धागे सरकले, तर ती साडी पडद्याला घेऊ नका, ताण सहन होणार नाही. तिचे काठ उसवून उशांना लावा. खिडकीच्या पडद्याला मांजरपाटाचं अस्तर हवंच. ऊन सरळ साडीवर पडलं की दोन उन्हाळ्यांत तिची राख होते. अस्तर वरून फक्त नेफ्यात धरा, खाली सुटं सोडा. दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात, खाली एकत्र शिवली तर कड गोळा होते.

हॉल आणि स्वयंपाकघरामधल्या दाराला महेश्वरी शोभते. तिचा बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, म्हणून दोन्हीकडून दिसणाऱ्या जागी उलट-सुलट असा प्रश्नच येत नाही. तिथे ऊन नसतं, अस्तराची गरज नाही.

१६ इंची उशीला पुढचा तुकडा १७ बाय १७, मागे १७ बाय १२ चे दोन तुकडे, एकावर एक चढणारे. चेन लावायची नाही, बटण नाही. मागची बाजू जुन्या चादरीची चालते, ती कुणी बघत नाही.

जास्त माणसं येणार असतील तर खुर्च्या भाड्यानं आणण्यापेक्षा भारतीय बैठक घाला. गादीखाली सतरंजी घालायची, गुळगुळीत फरशीवर नुसती गादी सरकते आणि म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार राहत नाही. चादर चारही बाजूंनी निदान १० इंच आत जाईल एवढी मोठी घ्या. लोड विकत आणू नका. दिवाणात हिवाळ्याच्या रजया आहेत ना? सिंगल रजई रुंदीत अर्धी दुमडली की ३० इंच होते. ती घट्ट गुंडाळायची आणि तीन ठिकाणी सुतळीनं बांधायची. माप नेहमी बांधल्यावर घ्या, आधी नाही, कारण प्रत्येक रजईचा कापूस वेगळा दबतो. समजा घेर ३४ इंच आला: कापड रुंदीला ३६ इंच, लांबीला ४४. त्यातले ३० रजईचे, ११ दोन्ही टोकं झाकायला, ३ नेफ्यांना. दोन्ही टोकांना नाडी ओढून बो आत खुपसायचा. गोल चकत्या कापून शिवायच्या भानगडीत पडू नका, नवख्या हाताला तिथे चुण्या येतातच. पाहुणे गेले की खोळ धुवायची, रजई परत दिवाणात.

भिंतीवर काही हवं असेल तर थर्माकोलची नक्षी मनातून काढून टाका. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहे, आणि माळव्यात मांडणे, म्हणजे गेरूवर पांढऱ्या रेघांनी काढायची नक्षी, असताना ते लागतंही नाही. २ बाय ३ फुटांची प्लायची फळी घ्या. पाव किलो गेरू रात्रभर भिजवा, गाळा, आणि वाटीभर गेरूला दोन मोठे चमचे फेविकॉल घाला. तो घातला नाही तर टेकणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेरू उतरतो. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवण. मग खडी, म्हणजे खडूसारखी पांढरी माती, पाण्यात दाट ताकाएवढी कालवायची, तिच्यातही थोडं फेविकॉल. कापसाचा बोळा त्यात भिजवून अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, आणि रेघ अनामिकेच्या टोकावरून उतरवायची, बोळा हलके दाबत. सगळ्यांची चूक इथेच होते: खडी ओली असताना जवळपास दिसत नाही, गेरूवर नुसता ओलसर डाग वाटतो. मग माणूस परत परत फिरवतो, थर जाड होतो आणि वाळल्यावर तडकून सुटतो. एकदाच रेघ ओढा आणि दहा मिनिटं थांबा. डोळ्यांदेखत ती पांढरीशुभ्र उमटते. मधला चौकोन आधी, मग बाहेर वाढत जायचं. कडेपासून आत आलात तर मधलं कधीच जुळत नाही. टांगताना फळीचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा, बसलेल्यांनाही दिसेल.

झोपायच्या खोलीत सजावट कमीत कमी. तिथे पाहुण्यांना सगळ्यात जास्त गरज असते बॅग ठेवायच्या जागेची, आणि नेमकी तीच नसते. जुनी पत्र्याची ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी सरकवा, वर सतरंजीची घडी घाला आणि त्यावर गोधडी. बॅग उघडायला वाकावं लागत नाही आणि मोजे घालताना बसताही येतं. ट्रंकेच्या चारही कोपऱ्यांखाली जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवा, फरशीवर गंजाचे डाग पडत नाहीत. दारामागे चार हुक, त्यातला एक तरी साडेचार फुटांवर, आलेल्या मुलांचा हात पोचेल असा. उशाशी एक्स्टेंशन बोर्ड, पण गालिच्याखालून वायर नेऊ नका, पायाखाली तिचं आवरण झिजतं. आणि टोपलीचा दुसरा दिवा याच खोलीत लावा, बटण पडल्या पडल्या हाताला येईल अशा ठिकाणी.