सहावी सुई

हाताने गोधडी शिवायची ठरवली, तेव्हा आपली चिकाटी कमी पडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात चिकाटीपर्यंत वेळच आली नाही. सुईच आत जाईना.

वरचं कापड मी निवडलं बाटिक, का तर दिसायला देखणं. त्याची वीण इतकी घट्ट, की सुईने दारातूनच परत फिरावं. अस्तराला चादर, तीही भरपूर थ्रेड काउंटची, म्हणजे इंचाइंचात धागे खच्चून भरलेली, त्याच माळेतली. मधे पॉलिस्टरची गुबगुबीत भर. पहिल्या दिवशी अकरा टाके पडले. उलटून पाहिलं तर सात खालपर्यंत पोचलेच नव्हते.

मग मोठी सुई हवी म्हणून १२ नंबर आणली. क्विल्टिंगच्या सुयांत नंबर वाढला की सुई लहान होते, हे पाकीट फोडल्यावर कळलं. तिच्या नेढ्यात दोरा ओवण्यात एक संध्याकाळ गेली. पुन्हा ओवायला नको म्हणून दोरा चांगला दोन मीटर घेतला, आणि दुसरी संध्याकाळ गुंता सोडवण्यात गेली.

दुसऱ्या गोधडीला मात्र शहाणपण आलं. साधं सैल विणीचं सुती कापड, पातळ सुती भर, ९ नंबरची आखूड सुई. दोरा ४५ सेंटिमीटरच, मेणावरून ओढून घेतलेला. आधी मधून कडेकडे कच्चे टाके. कापड धरून ठेवणारी गोल रिंग मी तबल्यासारखी ताणून बसवत असे, ती ढिली केली; कापडाला थोडा झोल असला तरच सुई वरखाली डोलते. मधल्या बोटातल्या अंगुस्तानाने सुई रेटायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक लागलं की लगेच वर वळवायची. असे तीन-चार टाके सुईवर चढले की एकदम ओढायचे. माझं खालचं बोट जरा जास्तच कर्तव्यदक्ष निघालं. रक्ताच्या डागावर आपलीच थुंकी लावायची, हेही त्याच आठवड्यात शिकले. (घरच्यांना सांगितलेलं नाही. तेच पांघरणार आहेत.)

शिवाय एक युक्ती कळली: सकाळीच सहा सुयांत दोरे ओवून ठेवायचे. फार सोय होते. फक्त संध्याकाळी मोजल्या तर पाच भरल्या.

तेव्हापासून घरात सगळे उभे. मी चुंबक घेऊन नवी गोधडी, सोफा, सतरंजी पालथी घातली. शेवटी जुन्या बाटिकवर फिरवला आणि टक्कन एक सुई चिकटली.

१२ नंबरची होती.