खुलासा : पोप चुकतात, आणि कबुलीही देतात

‘कॅथलिक लोक पोपला निष्पाप मानतात, त्याचा प्रत्येक शब्द त्यांना पाळावाच लागतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही.

१८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकनमध्ये जमलेल्या बिशपांच्या परिषदेनं जे ठरवलं ते बरंच मोजकं आहे : श्रद्धा किंवा नीतीबाबत सगळ्या चर्चसाठी पोपनं आपल्या पदाच्या अधिकारानं अंतिम निर्णय जाहीर केला, तर तो निर्णय अचूक. मुलाखती, राजकीय मतं, नेमणुका यात येत नाहीत. त्यानंतर हा अधिकार उघडपणे वापरला गेला तो १९५०मध्ये, येशूची आई मरिया सदेह स्वर्गात गेली, या शिकवणीबाबत.

आणि हेसुद्धा बिनविरोध झालं नव्हतं. मतदान ५३३ विरुद्ध २ झालं खरं, पण विरोधातले बरेच बिशप आधीच रोम सोडून गेले होते. म्युनिकचे धर्मशास्त्राचे अभ्यासक डॉलिंगर यांनी ठराव मानला नाही. १८७१मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. त्या वादातूनच ‘ओल्ड कॅथलिक’ हा गट रोमपासून वेगळा झाला. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्सांना तर हा अधिकारच मान्य नाही.

राहिला निष्पापपणा. मार्च २०१४मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस इतरांची पापांची कबुली ऐकायला बसणार होते. त्याआधी ते स्वतःच एका साध्या धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली द्यायला गुडघे टेकून बसले. फोटो आहेत.