वचन दुसऱ्याला कसे लागू करावे

पवित्र शास्त्र केवळ रविवारच्या उपासनेत वाचण्यासाठी नसून ते रोजच्या जीवनाला लावून पाहायचे असते, असे आपल्याकडील बहुतेक पाळक उपदेशाच्या शेवटी आवर्जून सांगतात. ते कोणाच्या जीवनाला लावायचे, एवढेच तेवढे सांगायचे राहून जाते. परिणामी विश्वासात नव्याने आलेली भोळी माणसे ते स्वतःच्याच जीवनाला लावू पाहतात आणि नाहक नुकसान करून घेतात. अशा वाचकांच्या हितासाठी, आणि अलीकडेच मंडळीतील एका जाणत्या गृहस्थांकडून मला जे शिक्षण मिळाले त्याच्या आधारे, पुढील सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

आरंभ दारापासून करावा. यहोशवाच्या २४व्या अध्यायातील 'मी व माझे घराणे' या वचनाची पाटी चौकटीवर ठळक अक्षरांत लावावी. संगमरवरी असल्यास उत्तम. पाटी एकदा लागली की परमेश्वराची सेवा करण्याची जबाबदारी पाटीवर पडते आणि घराणे इतर कामांना मोकळे होते.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी अवश्य उचलावी. तीत धोका नसतो, कारण चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी आधीच काळजी घेतलेली असते. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, हे याकोबाच्या पत्रातील ५:४ कोणाच्या चिठ्ठीत निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. यिर्मया २९:११ मात्र दरवर्षी निम्म्या मंडळीला लाभते. परमेश्वराच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत हे वाचून डोळे पुसावेत. हे पत्र बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेले आहे आणि अगोदरच्याच वचनात सत्तर वर्षे थांबण्याचा हिशेब दिलेला आहे, याकडे पाहू नये.

पत्नीने पतीच्या अधीन असावे हे इफिस ५:२२ पत्नीला वाचून दाखवावे आणि पतीने पत्नीवर प्रीती करावी हे पंचविसावे वचन येण्यापूर्वी चहा मागावा.

आजारी माणसाला वचन पाठवावे. डबा पाठवू नये.

मलाखीचा तिसरा अध्याय दहाव्या वचनापासून, म्हणजे उत्पन्नाचा दशमांश अर्पण करण्यापासून, सुरू होतो असे समजावे. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध साक्ष देण्यास परमेश्वर स्वतः येतो, आणि असा साक्षीदार दानार्पणाच्या वेळी कोणालाच परवडत नाही.

आता सर्वांत उपयुक्त सूचना, जी मला प्रत्यक्ष अनुभवातून मिळाली. कोणाचे पैसे द्यायचे असतील तर करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय सहावा, पाठ करून ठेवावा.

आम्ही मूळचे नगरकडचे. पुण्यात भाड्याने राहतो. मागचे घर मंडळीतीलच एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे होते. करार रीतसर ११ महिन्यांचा होता, तो पुढे वाढवला गेला, आणि साठ हजार रुपये डिपॉझिट त्यांच्याकडे होते. घर सोडताना त्यांनी प्रत्येक खोलीत फिरून मोबाइलवर फोटो काढले. वरच्या टाकीच्या गळतीमुळे स्वयंपाकघराच्या भिंतीला आलेली ओल, जिच्याबद्दल मी त्यांना अनेकदा सांगितले होते, तीही त्यांनी फोटोत घेतली आणि माझ्या नावावर टाकली. मग खिशातून दानार्पणाचे कोरे पाकीट काढून त्याच्या पाठीवर वजावट लिहिली: रंगकाम, नळ, साफसफाई, किरकोळ. 'किरकोळ'समोरचा आकडा सर्वांत मोठा होता. उरलेली रक्कमही 'पुढच्या महिन्यात बघू' या सदरात गेली आणि ती अद्याप तेथेच आहे. शेवटी मी कायदेशीर नोटिशीचा विषय काढला तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले. उपासना संपली होती आणि अंगणात चहा चालू होता. "ब्रदर, आपण ख्रिस्ती लोकांनी कोर्टाची भाषा करायची?" असे म्हणून त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मोबाइलमधील बायबल उघडले आणि चार माणसांच्या देखत १ करिंथ ६:७ वाचले. बंधूने बंधूवर फिर्याद करावी हाच पराभव आहे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नाडले जाणे का पत्करत नाही? चारही माणसांनी माना डोलावल्या. एकाने आमेन म्हटले.

वाचकहो, कला पाहा. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या तोंडून त्यांनी मला विचारले की, तुम्ही नाडले जाणे का पत्करत नाही, आणि ज्याने नाडले त्याच्याच तोंडून हा प्रश्न आला. आठवे वचन त्याच पडद्यावर, बोटाच्या एका पेराच्या अंतरावर होते. त्यात पौल म्हणतो की, उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही आपल्या बंधूंना. पोह्यांतून मिरची वेचून ताटाच्या कडेला ठेवावी, तसे त्यांनी ते वचन बाजूला सारले. पुढे नवव्या आणि दहाव्या वचनांत देवाच्या राज्याचे वतन ज्यांना मिळणार नाही अशांची यादी आहे, आणि तीत चोर, लोभी आणि लुबाडणारे हे तिघेही आहेत. तेथवर जाण्याइतकी त्या मोबाइलची बॅटरी कधीच टिकत नसावी.

ही कला जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. पौलाची पत्रे मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेली होती. नव्या कराराला आज दिसतात ते वचनांचे आकडे रोबेर एतियेन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. शोधायला सोपे जावे हा त्यामागचा हेतू; कापायलाही तितकेच सोपे गेले. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले, त्यातून इस्राएल लोकांची मिसर देशातून झालेली सुटका गाळली होती आणि दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे ठेवले होते. त्याच्याही कितीतरी आधी मंदिराच्या शिरोभागी सैतानाने प्रभू येशूपुढे स्तोत्र ९१ म्हटले ते अकराव्या आणि बाराव्या वचनांपुरते. सर्प पायांखाली तुडवण्याचे तेरावे वचन त्याने घेतले नाही. आमच्या घरमालकांची परंपरा कोठवर जाते, हे वाचकांनी ठरवावे.

आणि इतर वचने? जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाचा २४वा अध्याय म्हणतो की, गरिबाकडून गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत कर, म्हणजे तो ते पांघरून निजेल. डिपॉझिट म्हणजे दुसरे काय असते? ३७वे स्तोत्र उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हणते. 'व्यवहारी' म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातील सरकारच्या अधीन राहण्याचे पहिले वचन आपल्याला निवडणुकीच्या निवडणुकीला ऐकवले जाते, पण कोणाच्या ऋणात राहू नका हे त्याच अध्यायातील आठवे वचन ऐकल्याचे कोणाला आठवते का? जकातदार जक्कयाचे गाणे आपण शब्बाथ शाळेतल्या मुलांकडून हातवारे करून म्हणवून घेतो. त्या जक्कयाने झाडावरून उतरल्यावर ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट देण्याचे कबूल केले. त्या दराने माझे दोन लाख चाळीस हजार होतात. मला साठच हवे आहेत. रंगकाम वजा करूनही चालेल, पण भिंत खरोखर रंगवल्याची पावती दाखवावी.

मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूने अशा प्रसंगाची पद्धतही घालून दिलेली आहे. प्रथम एकांतात जाऊन बोलावे, तसा मी बोललो. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. मंडळीच्या पंचांपैकी दोन वडीलधाऱ्यांना मी नेले. तेथे चहा झाला, चिवडा झाला, आणि नंतर जी लांबलचक प्रार्थना झाली तीत माझ्या मनातील कटुता दूर व्हावी म्हणून कळकळीने विनंती करण्यात आली. साठ हजारांचा उल्लेख प्रभूपुढेसुद्धा झाला नाही. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, ही पुढची पायरी. तीवर पाय ठेवताच मला सांगण्यात आले की, तेवढे नको, मंडळीची बदनामी होईल.

अहो, कोणाची बदनामी? ज्याने पैसे अडकवले त्याच्या हाती तुम्ही दर रविवारी अर्पणाची थैली देता आणि ज्याचे अडकले त्याला सत्तर वेळा सात क्षमा करण्याचा उपदेश करता. क्षमा मागितली कोणी? चूक झाली असे तरी कोणी म्हटले? ज्या विधवेच्या दाराशी व्याजाचा तगादा लावता, जिच्याकडून धुणीभांडी करून घेऊन नाताळच्या तोंडावर तिचा पगार कापता, तीही तुमच्याच मागच्या बाकावर बसलेली असते आणि तेच गीत गात असते. तिला कोणते वचन पाठवणार आहात? शास्त्र तुम्हांला पाठ आहे, यात शंका नाही. लाज नाही. पंचांनी डोळे मिटून प्रार्थना करण्यापेक्षा डोळे उघडून करार वाचायला हवा होता, आणि पाळकसाहेबांनी 'दोन्ही बाजू आमच्याच' असे म्हणून अंग काढून घ्यायला नको होते. येत्या रविवारी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचनाला घ्या, सातव्या वचनावर न थांबता अकराव्यापर्यंत वाचा, आमचे घरमालक पहिल्या बाकावर बसलेले असताना वाचा, आणि आमेन म्हणण्यापूर्वी त्यांच्याकडे हिशेब मागा.