रुग्णाचे समाधान फॉर्मवर उमटत नाही

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या हाती अभिप्रायाचा फॉर्म दिला, की तो सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करून रिक्षा बघायला जातो. नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात परिचर्या विभाग सांभाळताना असे गठ्ठे माझ्याकडे येत. मानांकनाच्या तपासणीत ते शोभून दिसत. पण रात्री बेल वाजवूनही सिस्टर का आली नाही, हे त्यांतून कधीच कळले नाही. केंद्राच्या ‘मेरा अस्पताल’ उपक्रमात 2016 पासून एसएमएस आणि फोनवरूनही मत घेतले जाते, त्यातून नाराजीचे ढोबळ कारण समजते, इतकेच.

म्हणून मला फोकस ग्रुप, म्हणजे सहा ते दहा जणांची तासदीड तासाची गटचर्चा, अधिक विश्वासाची वाटते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1940च्या दशकात अमेरिकेत रेडिओच्या श्रोत्यांसाठी ही पद्धत घडवली. एकाने तोंड उघडले की दुसऱ्यालाही धीर येतो, हे तिचे बळ. मात्र खाटेवरचा रुग्ण, ज्या हातून इंजेक्शन घ्यायचे त्याच हाताविरुद्ध बोलणार नाही. त्यामुळे नुकतेच घरी गेलेले रुग्ण आणि त्यांच्याजवळ रात्री थांबलेले नातेवाईक बोलवावेत, आणि चर्चा त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने मुळीच चालवू नये. घणसोलीच्या आगरी आजी आणि ऐरोलीतला आयटीवाला तरुण एकाच गटात बसवले, तर तरुणच बोलत राहतो आणि आजी मान डोलावतात; त्यांचे गट वेगळे हवेत.

परिचारिकांची चर्चाही स्वतंत्र घ्यावी. ‘सिस्टर तुटक बोलतात’ असे रुग्ण सांगतात, तेव्हा ती वेळ बहुधा पाळी बदलण्याची, औषधांच्या फेरीची आणि भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीची असते, हे तिथेच उलगडते. भेटीची वेळ तासभर पुढे नेण्यास मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाला, वेगळा निधी लागत नाही. मनुष्यबळाचे तसे नाही. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष पाळायचा नाही आणि सिस्टरना हसतमुख राहण्याचे प्रशिक्षण द्यायचे, यासाठी चर्चेचा आधार घेणे मला अप्रामाणिक वाटते. (अशा प्रशिक्षणाला चहा-बिस्किटे मात्र उत्तम असतात.)

आठ जणांच्या बोलण्यावरून टक्केवारी काढता येत नाही. ते काम सर्वेक्षणाचेच. चर्चेतून कारणे कळतात, आणि त्यांचे टिपण नर्सिंग प्रमुखांच्या सहीने व्यवस्थापनाकडे जावे, त्यावर लेखी उत्तराची तारीख असावी आणि काय बदलले ते चर्चेला आलेल्यांना फोन करून कळवावे.