अपेक्षाभंगाची पूर्वतयारी

तुमचा लाडका बँड सात वर्षांनी परत येतोय आणि नवं गाणं आज मध्यरात्री बाहेर पडणार आहे, म्हणजे नाराज व्हायला तुमच्या हातात जेमतेम सहा तास उरलेत. उठा. बहुतेक चाहते इथेच फसतात. ते आधी गाणं ऐकतात आणि मग मत बनवायला बसतात. तोवर गाण्यानं आपला डाव साधलेला असतो. एखादा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कानात शिरतो, नकळत पाय हलतो, आणि एकदा पाय हलला की माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही. म्हणून मत आधी, गाणं नंतर.

गाण्याशिवाय मत कसं बनवायचं, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. माल मुबलक असतो. पोस्टरचा रंग, नावातला बदललेला फॉन्ट, ग्रुप फोटोत कोण मध्यभागी उभं आहे आणि कोण फोटोतच नाही. तेही नसेल तर वाट पाहायला लावल्याचा राग आहेच. २०२४च्या ऑगस्टअखेरीस लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडनं शंभर तासांचं उलटं घड्याळ लावलं होतं. जगभरातले चाहते त्याच्याकडे डोळे लावून बसले. घड्याळ शून्यावर आलं, आणि काही जाहीर होण्याऐवजी ते सुलटं धावू लागलं! गाणं यायला ५ सप्टेंबर उजाडला. मधल्या दिवसांत ज्यांनी ‘आमची थट्टा चालवलीय’ म्हणून घेतलं, ते खरे तयारीचे गडी. पुढे कळलं की अल्बमचं नाव ‘फ्रॉम झीरो’ आहे, बँडचं अगदी पहिलं नाव ‘झीरो’ होतं, आणि मग शून्यापासून पुढे मोजणाऱ्या त्या घड्याळाचा अर्थही लागला. पण अर्थ लागला म्हणून कुणी राग सोडतं का?

आता दोन वाक्यं पाठ करा. पहिलं: ‘हा आपला बँडच वाटत नाही.’ दुसरं: ‘यात नवीन काय आहे?’ दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतात हे मला ठाऊक आहे. त्यातच त्यांची ताकद आहे. बँडनं काहीही केलं तरी यातलं एक लागू पडतंच. फक्त दोन्ही एका दमात म्हणू नका. मध्ये खोकायला तरी जागा सोडा.

या कलेतला माझा आवडता नमुना गन्स अँड रोझेस या बँडच्या चाहत्यांचा. त्यांचे जुने वादक स्लॅश आणि डफ मॅकेगन २०१६ साली परतले. तेव्हापासून नव्या गाण्यासाठी लोकांचा जीव टांगणीला लागला होता, आणि मागणी एकच, जुन्या दिवसांसारखं काहीतरी द्या. २०२१ साली बँडनं ‘अब्सर्ड’ दिलं. ते निघालं २००१ सालच्या कार्यक्रमांतून ‘सिल्कवर्म्स’ या नावानं वाजलेल्या गाण्याचंच नवं रूप. म्हणजे जुनं द्या म्हटल्यावर त्यांनी खरोखर जुनंच काढून दिलं, वीस वर्षं मुरलेलं. त्यावर निष्ठावंतांनी नाक मुरडलं की हे तर जुनंच आहे, आणि शिवाय जुन्यासारखं नाही. याला म्हणतात साधना.

यानंतरची पायरी तांत्रिक. रातोरात ध्वनितज्ज्ञ व्हा. ‘मिक्सिंग गंडलंय’ हे वाक्य उशीवर पालथ्या पडलेल्या फोनमधून गाणं ऐकूनही म्हणता येतं. ‘ड्रम मागे गेलेत’, ‘बेस ऐकूच येत नाही’, ‘सगळं फार गुळगुळीत केलंय’. यातलं काहीही चालेल. मात्र इथे एक खबरदारी घ्यावी लागते, आणि ती मेटॅलिका या बँडच्या चाहत्यांकडून शिकावी. २००८ साली त्यांचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. त्यात आवाज इतका दाबून वर चढवला होता की हळू आणि मोठा यातला फरकच बुजला होता आणि वरची टोकं फाटल्यासारखी वाजत होती. त्याच सुमारास ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेल्या रूपात आली, म्हणजे एका खेळण्यात अल्बम अल्बमपेक्षा चांगला वाजत होता. चाहत्यांनी दोन्हींच्या आवाजाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. पुन्हा मिक्स करा म्हणून मोठा सह्यांचा अर्ज झाला. तक्रार शंभर टक्के रास्त होती.

आणि हाच तिचा दोष. रास्त तक्रार तपासता येते. तपासून झाली की संपते, आणि मग तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्यामुळे आलेख वगैरे भानगडीत न पडता ‘यात आत्मा नाही’ असं म्हणावं. आत्मा मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. हे वाक्य मी स्वतः तीन बँडांसाठी वापरलंय, त्यातल्या एकाच्या बाबतीत तर चुकीचं गाणं ऐकून. कुणी हरकत घेतली नाही.

बँडमध्ये गायक नवा असेल तर मामला नाजूक होतो. इथे मीही क्षणभर टवाळी बाजूला ठेवतो. ज्याच्या घशातून तुम्ही तुमचा स्वतःचा आक्रोश बाहेर काढून घेतलात, दार लावून, हेडफोनमध्ये, तो लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ रोजी गेला. सात वर्षांनी बँडच्या त्याच नावाखाली नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग माइकसमोर उभी राहते. त्या वेळी पोटात कालवतं, ते काही ढोंग नसतं. काहींना ते गाणं त्या दिवशी ऐकवलंच नाही. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, तेही काही म्हणत नव्हते.

आपला विषय बोलणाऱ्यांचा आहे. पोटात कालवलं तर गप्प बसायचं नाही, त्याची नियमावली करायची. बँडनं किती वर्षं थांबायला हवं होतं? नाव बदलायला हवं होतं का? जुनी गाणी नव्या आवाजात म्हणायची परवानगी कुणाकडे मागायची? उत्तरं तुम्हीच ठरवा, कारण त्या बँडच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. बँडचा संस्थापक-गायक माइक शिनोदा याचंही असेल, पण इतर हक्कात.

वादात समोरचा हमखास एसी/डीसी या बँडचं उदाहरण काढेल. त्याला उत्तर तयार ठेवा. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८०ला गेला, आणि ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला ‘बॅक इन ब्लॅक’ त्याच वर्षी २५ जुलैला दुकानांत होता. पाच महिने! मुखपृष्ठ काळं, सुरुवातीला घंटेचे टोल, आणि आज तो जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत मोजला जातो. तुमच्या नियमावलीनुसार तो निघालाच नसता. अशा वेळी शांतपणे ‘तो काळ वेगळा होता’ म्हणावं. वेगळा होता म्हणजे तेव्हा तुम्ही नव्हता.

आणि एक महिना चुकूनही आठवू नका. मे २०१७. लिंकिन पार्कचा ‘वन मोर लाइट’ आला. गिटारी मवाळ, किंचाळ्या गायब, सगळा बाज पॉपकडे झुकलेला. निष्ठावंत तुटून पडले. विकले गेले, म्हातारे झाले, रॉक विसरले. आज ज्याच्या जागी दुसरं कुणी चालत नाही, तोच तिथे गात होता. त्याचाच आवाज, त्याचीच गाणी, आणि तेव्हाही ‘हा आपला बँडच वाटत नाही’ हे वाक्य जोरात चालू होतं. दोन महिन्यांनी तो गेला. त्यानंतर तोच अल्बम अनेकांना हळवा, प्रामाणिक, वेळीच न समजलेला वाटू लागला. कुणाला तरी गमावण्याबद्दलचं त्यातलं शीर्षकगीत लोक त्याच्याच आठवणीत ऐकू लागले. अल्बममधली एक मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती. तुम्ही त्या मे महिन्यात काय म्हणाला होतात हे लक्षात असलेला एखादा मित्र असेल, तर त्याच्याशी जपून वागा. शक्यतो मैत्रीच तोडा.

नव्या गाण्याच्या बाबतीत मात्र बँडनं तुमची थोडी पंचाईत करून ठेवलीय. ‘द एम्प्टिनेस मशीन’ची सुरुवात शिनोदा करतो. पहिलं कडवं त्याचं, ध्रुवपदही त्याचं. ओळखीचा माणूस दारात येऊन हात धरतो, आत नेतो, आणि तुम्ही जरा स्थिरावलात की मग ती गायला लागते. फार बेरकी रचना आहे. यावर एकच उपाय. गाणं मिनिटभराच्या आत बंद करा. म्हणजे नव्या गायिकेचा आवाज कानावर न पडताही तो जमला नाही असं स्वच्छ मनानं सांगता येतं.

पलीकडचा तंबूही ओळखून असा. खूश झालेले चाहते. गाणं सुरू होऊन चौदा सेकंद झाली की यांना हुंदका येतो. ‘दशकातलं सर्वोत्तम’ हे ते पहिल्या ध्रुवपदाआधी जाहीर करून मोकळे होतात. नवी गायिका आणि जुना गायक यांची तुलना करू नका असं बजावतात आणि पुढच्याच वाक्यात तुलना करतात. त्यांच्याशी कडाडून भांडा, पण मनातून आदर असू द्या. तुमच्याप्रमाणेच त्यांनीही गाणं ऐकून वेळ दवडलेला नाही.

खरा धोका तिसऱ्याच दिशेनं येतो. एखादी सोळा वर्षांची पोरगी. तिनं हे एकच गाणं ऐकलेलं असतं आणि तिला ते आवडलेलं असतं, असं साधं, कारण न देता. ती तुमच्याकडे येऊन विचारते, “दादा, यांची आधीची कोणती ऐकू?” बावचळू नका. तिची परीक्षा घ्या. पहिल्या अल्बमचं साल विचारा (२०००). परत न आलेल्या ड्रमरचं नाव विचारा (रॉब बोर्डन). तुम्ही पंचवीस वर्षं या वतनाची राखण केलीत, ती काय अशी तीन मिनिटांत आत येणार? उत्तरं आली नाहीत की उदार मनानं तिला एक यादी द्या, क्रमवार, पहिल्या अल्बमपासून. ती ऐकेल. मन लावून ऐकेल, कारण तिला कुणी आधी मत बनवायला शिकवलेलं नाही. आणि आठवड्यानं परत येऊन सांगेल की तिला सगळ्यांत जास्त ‘वन मोर लाइट’ आवडला.

तेव्हा तुमची गाडी चुकत असल्याचं आठवावं आणि निघावं.

तिसऱ्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी, अंघोळ करताना म्हणा, जिना उतरताना म्हणा, ते ध्रुवपद तुमच्या तोंडात येईल. मिनिटभराच्या आत बंद केलेलं असलं तरी येईल, कारण तेवढ्यात एक ध्रुवपद होऊन जातं. घरच्यांनी विचारलं तर जुनं गाणं आहे म्हणा. त्यांना फरक कळत नाही. खरं तर त्यांनी एवढी वर्षं सगळं एकच गाणं समजून सहन केलंय.

राहता राहिला कार्यक्रम. जाणार आहातच, त्यामुळे जाऊ की नको याचं नाटक दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका, तिकिटं संपतात. जवळची जागा घ्या. लांबून व्यक्त केलेली नाराजी मंचापर्यंत पोचत नाही. जुन्या गाण्यांना गळा फाडून ओरडा. नव्याची घोषणा झाली की चेहरा दगडासारखा करा, गर्दीतून वाट काढा आणि पाणी आणायला बाहेर पडा. अनुभवी चाहते हेच करतात.

फक्त एक अडचण आहे. ते सगळे एकदमच करतात. पाण्यापुढे ही लांबलचक रांग असते, सगळे तुमच्याच वयाचे, विटलेले जुने टीशर्ट, हाताची घडी, चेहरे दगडाचे. भिंतीपलीकडे शिनोदाचं कडवं संपतं. ध्रुवपद येतं, हजारो लोक ते म्हणतात, पायाखालची फरशी थरथरते. मग ती गायला लागते, आणि आता हे बंद करायचं बटण तुमच्या हातात नसतं. रांगेत कुणीच कुणाशी बोलत नाही. अशा वेळी नजर समोरच्याच्या मानेवर ठेवा. खाली पायांकडे पाहू नका, त्याच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही.