बॅकपास

बारा वर्षं मी फुटबॉलमध्ये स्टॉपर बॅक, म्हणजे गोलासमोरचा मधला बचाव, खेळलो. डाव्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन, नाकाचं हाड एकदा, आणि धुळेरच्या मैदानावर आपल्याच गोलात मारलेला एक हेडर, जो म्हापशातले लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतात. पण कधी रडलो नाय. परवा मात्र एका पोराच्या आडनावातल्या 'के' आणि 'सी'ने रडवलं.

खेळणं सुटल्यावर क्लबचा सेक्रेटरी झालो, म्हणजे मिटिंगमध्ये सगळे 'बाब, तुमीच व्हा' म्हणाले आणि शीतकडी जेवायला गेले. त्यात २०१२ पासून फुटबॉल गोव्याचा राज्य खेळ, त्यामुळे सल्ला द्यायला अख्खा गाव आणि फॉर्म भरायला मी एकटा.

तर ज्या पोराचं क्लबकडून रजिस्ट्रेशन करायचं होतं, त्याचं आडनाव गांवकर. इंग्रजी स्पेलिंगात जन्मदाखल्यावर 'सी', आधारवर 'के'. पोर्तुगीज गेले पण त्यांचा 'सी' राहिला, त्याला कोण काय करणार, साळगांवकर क्लब आजपण 'सी'नेच लिहितो आणि १९८८ साली फेडरेशन कपसुद्धा त्याच स्पेलिंगनं जिंकला, तेव्हा कोणी विचारलं नाय! मी दाखला घेऊन एका खिडकीवर गेलो, ती म्हणाली पंचायतीत जा. पंचायत म्हणाली सायबांना विचारा, सायब जेवायला, आणि जेवून आले ते म्हणाले, पहिल्या खिडकीवर जा.

१९९२ साली आपल्याच माणसानं पायानं मागे दिलेला पास, म्हणजे बॅकपास, गोलकीपरनं हातात घ्यायची बंदी आली तेव्हा आम्हा बॅकवाल्यांचा जीव गेला होता, कारण दम खायची तेवढीच एक जागा होती. ऑफिसांत तो नियम अजून पोचलेला नाय. तिकडे सगळे बॅकच, फॉरवर्ड एकपण नाय.

शेवटी नोटरीनं स्टँपपेपरवर लिहून दिलं की 'सी'वाला आणि 'के'वाला हा एकच इसम. रजिस्ट्रेशनची शेवटची रात्र, साडेअकरा वाजलेले, आणि कॉम्प्युटर म्हणतो फोटोच्या मागे पांढरं पाहिजे. पोराला झोपेतून उठवून आणलं, मी कपाटातली पांढरी चादर ओढली, तर बायको ओरडली, "अहो, ती चवथीची आहे!" मग तिनेच एक टोक धरलं, दुसरं शेजाऱ्यानं, आणि मधे पोरगा, डोळे अर्धे मिटलेले, जणू त्याचंच बारसं चाललंय. बारा वाजायला चार मिनिटं असताना फॉर्म गेला.

शनिवारी मॅच. पोरगा पण स्टॉपर बॅक, मीच शिकवलेला. नवव्या मिनिटाला त्यानं एकट्या सुटलेल्या फॉरवर्डला मागून असा आडवा केला की मी कौतुकानं उभाच राहिलो, आणि रेफ्रीनं लाल कार्ड काढलं.

बाकावर येऊन बसला, बूट सोडता सोडता हळूच म्हणतो, "सर, त्या कागदावर आईचं पण नाव चुकलंय."